पटावरचे प्रश्न : प्यादं का दिलं?

प्रश्न : मॅडम, नमस्कार. माझी मुलगी सहावीत आहे. तेरा वर्षांखालील मुलींच्या जिल्हा निवड स्पर्धेत चार फेऱ्यांत तिचे साडेतीन गुण झाले होते. पाचव्या फेरीत काळी मोहरी आली आणि ती हरली. निवड अर्ध्या गुणाने हुकली. मला बुद्धिबळ चाली समजण्यापुरतंच येतं, तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. पाचव्या चालीला समोरच्या मुलीचं प्यादं हिच्या घोड्याला सरळ मारता येत होतं. ते सोडून हिने दुसराच घोडा पटाच्या कडेला नेला. एक प्यादं कमी पडलं ते शेवटपर्यंत, आणि डाव त्याच्यावरच गेला. विचारलं तर म्हणते, ‘सरांनी असंच शिकवलंय.’ ओळखीतले एक जण म्हणतात, ही ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) सोडा, कॅरो-कान नावाची दुसरी सुरू करा, ऑनलाइन कोर्स मिळतो. पैसे भरायची माझी तयारी आहे. ओपनिंग बदलू का? स्कोअरशीटची, म्हणजे डावाच्या चाली लिहिलेल्या कागदाची, झेरॉक्स जोडली आहे.
— एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : कोर्सचे पैसे भरू नका आणि ओपनिंगही बदलू नका. तुमच्या मुलीने पाचव्या चालीला जे केलं ते अगदी बरोबर होतं. जे प्यादं तुम्हाला फुकट दिसतंय ते मारलं असतं, तर डाव कदाचित पंधराव्या चालीच्या आतच आटोपला असता. डाव गेला तो पंधराव्या आणि सोळाव्या चालीला. तिथपर्यंत येऊच, पण आधी त्या प्याद्याचं बघू. हा प्रश्न मला दर स्पर्धेनंतर कोणी ना कोणी पालक विचारतातच.

पट मांडून बसा. अक्षर म्हणजे उभी ओळ, आकडा म्हणजे आडवी; नुसतं घर लिहिलंय तिथे चाल प्याद्याची. प्रत्येक क्रमांकाला आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची; तीन टिंबं म्हणजे फक्त काळ्याची, × म्हणजे मारलं. १. ई४ ई५ २. घोडा एफ३, घोडा सी६ ३. उंट सी४, घोडा एफ६. ही इटालियन सुरुवात, आणि काळ्याने दोन्ही घोडे बाहेर काढले म्हणून टू नाइट्स डिफेन्स. चौथ्या चालीला पांढऱ्याने घोडा जी५ वर आणला. आता एफ७ बघा. त्या प्याद्यावर घोडा आणि उंट असा दुहेरी मारा आहे, आणि राखायला एकटा राजा. म्हणून काळ्याने ४... डी५ करून उंटाची वाट अडवली, पांढऱ्याने ५. ई×डी५ मारलं. तुमचा प्रश्न इथला आहे.

समजा मुलीने एफ६ च्या घोड्याने डी५ चं प्यादं मारलं. हिशेब बरोबरीत आला. आणि मग पांढरा घोडा एफ७ वर आदळतो. वजीर आणि हत्ती दोन्ही त्याच्या माऱ्यात, म्हणून राजाला तो घ्यावाच लागतो. सातव्या चालीला वजीर एफ३ वरून शह. राजा घरी परतला तर डी५ चा घोडा जातो, म्हणून राजा ई६ वर, भर मैदानात. आठव्या चालीला पांढऱ्याचा दुसरा घोडा सी३ वर. आता डी५ च्या घोड्यावर उंट, वजीर, घोडा तिघे तुटून पडलेत, आणि त्या घोड्याला हलताही येत नाही, कारण तो हलला की मागे राजाला उंटाचा शह. याला फ्राइड लिव्हर म्हणतात. पांढऱ्याने एक घोडा दिलाय हे खरं, आणि संगणकासारखं चोख खेळलं तर काळ्याला तग धरता येतो. पण अकरा वर्षांच्या मुलीने घड्याळ चालू असताना तो राजा ई६ वर सांभाळायचा म्हणजे भलतीच अपेक्षा झाली. नऊ आणि अकरा वर्षांखालच्या गटांत ज्या टेबलावर दहा मिनिटांत टाळी पडते, तिथे पुष्कळदा हेच झालेलं असतं.

म्हणून ५... घोडा ए५. कडेचा घोडा वाईट हे आपण मुलांना शिकवतो आणि ते खरंच आहे, पण या घोड्याला तिथे काम आहे. तो सी४ च्या उंटावर चाल करून जातो आणि ज्या उंटाच्या जोरावर सगळा हल्ला उभा आहे त्यालाच हलवतो. पोलेरिओ नावाच्या इटालियन खेळाडूचं नाव या बचावाला आहे, माणूस चारशे वर्षांपूर्वीचा. सरांनी शिकवलं ते एवढं जुनं आणि कसाला लागलेलं आहे.

पुढच्या चाली स्कोअरशीटवर अशा आहेत : ६. उंट बी५ शह, सी६ ७. डी×सी६, बी×सी६ ८. उंट ई२, एच६ ९. घोडा एफ३, ई४ १०. घोडा ई५, उंट डी६ ११. डी४, ई×डी३ १२. घोडा×डी३. अकराव्या चालीला काळ्याने जे मारलं ते एन पासां, म्हणजे शेजारून दोन घरं पळालेलं प्यादं जणू एकच घर गेलंय असं समजून मारायचं. बाराव्या चालीला तुमच्या मुलीने कॅसलिंग केलं, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजा कडेला सुरक्षित नेला. फार छान.

इथे थांबा आणि पांढऱ्याने बारा चालींत काय केलं ते मोजा. पाच चाली एकट्या घोड्याने खाल्ल्या : एफ३, जी५, परत एफ३, ई५, डी३. तीन चाली उंटाने. उरलेल्या चार प्याद्यांनी. वजीर घरी, दोन्ही हत्ती घरी, डावीकडचा घोडा आणि उंट हललेले नाहीत, राजाचं कॅसलिंग बाकी. काळ्याचं कॅसलिंग झालेलं, उंटांच्या वाटा मोकळ्या, हत्तीला ई ओळ उघडी. प्याद्याच्या बदल्यात हा वेळ विकत घेतलाय. पण हा वेळ टिकत नाही. पाच-सहा चालींत वापरला नाही तर पांढरा आपली मोहरी बाहेर काढतो आणि मग हातात उरतं फक्त कमी असलेलं प्यादं. त्यात आणखी एक गोष्ट आहे. काळ्याची ए७ आणि सी६ ची प्यादी एकटी पडलेली आहेत, शेजारी दुसरं प्यादं नाही. पटावर वजीर-हत्ती असताना त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मोहरी कमी झाली की ती आयती सापडतात.

आता तुमच्या मुलीने काय केलं? १३. कॅसलिंग, हत्ती ई८ १४. घोडा सी३, उंट एफ५ १५. उंट एफ३. इथपर्यंत सुरेख. आणि १५... उंट×डी३ १६. वजीर×डी३, उंट ई५ १७. वजीर×डी८, हत्ती ए ओळीतला×डी८ १८. उंट ई३. दोन चालींत तिने आपला चांगला उंट दिला आणि मधला उंट बाजूला करून वजीर समोरासमोर आणले. अदलाबदल झाली. अठराव्या चालीला ए७ चं प्यादं पांढऱ्या उंटाच्या माऱ्यात आलं, कारण त्याला राखणारा हत्ती डी८ वर गेलेला. एकविसाव्या चालीला ते पडलं. म्हणजे डाव पाचव्या चालीच्या प्याद्याने गेला नाही. दुसरं प्यादं गेलं आणि लढायला मोहरीच राहिली नाहीत, तेव्हा गेला.

पंधराव्या चालीला मी तिला वजीर सी७ वर न्यायला सांगितलं असतं. तो तिथून सी६ चं प्यादं राखतो आणि डी६ च्या उंटाच्या मागे उभा राहून एच२ वर नेम धरतो. पांढऱ्याला जी किंवा एच चं प्यादं हलवून राजासमोरची भिंत सैल करावी लागते. मग ए८ चा हत्ती डी८ वर. आणि तो ए५ चा घोडा! झेरॉक्सवर मी बोट फिरवत गेले, एकोणतिसाव्या चालीपर्यंत तो हललेला नाही. सी६ ची राखण करत तिथेच बसून राहिला. वजीर सी७ वर आला असता तर घोडा मोकळा झाला असता, बी७ वरून सी५ वर आला असता आणि डी३ च्या घोड्याला भिडला असता. तुम्ही म्हणालात ना, घोडा कडेला नेला. नेला ते ठीक, परत आणला नाही हे दुखणं.

हे का झालं, तेही त्याच कागदावर आहे. तुमच्या मुलीला एक सोन्यासारखी सवय आहे : मधून मधून ती चालीशेजारी घड्याळातली उरलेली मिनिटं लिहिते. वेळ होता ६० मिनिटं आणि प्रत्येक चालीला ३० सेकंदांची भर. बाराव्या चालीशेजारी तिने ६५ लिहिलंय. म्हणजे सुरुवातीपेक्षा जास्त. बारा चालींना मिळून एक मिनिट. पाठ होतं, धडाधड खेळली, त्यात गैर काही नाही. पण पंधराव्या चालीशेजारी ६६ आहे. पाठ केलेलं कधीच संपलं होतं, आणि हात त्याच वेगाने चालत राहिला. शेवटी एक्केचाळिसाव्या चालीला डाव सोडला तेव्हा ५८ मिनिटं शिल्लक. अख्ख्या डावात तिने जेमतेम बावीस मिनिटं विचार केला. अक्षरही बघा, पंचविसाव्या चालीनंतर कसं बिघडत गेलंय ते. प्यादं कमी आहे हे तिला तोवर बोचायला लागलं होतं. हिशेब सारखा व्हावा म्हणून मुलं अशा वेळी दिसेल ती मारामारी करतात. प्यादं कमी असेल तर मोहरी शक्यतो वाटून टाकायची नसतात, कारण हल्ला करायला तीच हवीत. हे तिला कुणी वाक्य म्हणून सांगितलंही असेल, पण हाताला ते लागलेलं नाही.

कॅरो-कान चांगली आहे. कार्पोव्हसारख्या जगज्जेत्याने ती वर्षानुवर्षं वापरली. पण पाठांतराने चालणाऱ्या मुलाला तीही वाचवत नाही. एकच उदाहरण देते : १. ई४ सी६ २. डी४ डी५ ३. घोडा सी३, डी×ई४ ४. घोडा×ई४, घोडा डी७. इथे काळ्याची ठरलेली पुढची चाल म्हणजे जी८ चा घोडा एफ६ वर. पण पांढऱ्याने पाचव्या चालीला वजीर ई२ वर ठेवला असेल आणि मुलाने न बघता ती ठरलेली चाल केली, तर ६. घोडा डी६ आणि मात! ई७ च्या प्याद्याला तो घोडा मारता येत नाही, कारण त्याच्या मागे राजा आणि समोर वजीर. सहा चालींत घरी. साडेतीन महिने कोर्स करून हे व्हायचं असेल तर टू नाइट्समध्ये काय वाईट होतं?

तुम्ही घरी करण्यासारखं एक काम आहे आणि त्याला तुम्हाला येतं तेवढं बुद्धिबळ पुरे. बाराव्या चालीनंतरची स्थिती पटावर मांडा. तुम्ही पांढरे, ती काळी. अट एवढीच : तिने आपणहून अदलाबदल सुरू करायची नाही, आणि प्रत्येक चालीआधी आपलं कुठलं मोहरं रिकामं बसलंय ते बोट ठेवून दाखवायचं. दुसऱ्या दिवशी बाजू बदला, म्हणजे पांढऱ्याला किती अडचण होते ते तिला कळेल. मग पहिल्या चालीपासून परत या आणि दर चालीला ‘हे कशासाठी?’ विचारा. जिथे ‘सरांनी सांगितलं’ असं उत्तर येईल तिथे पेन्सिलने खूण करा आणि ती खूण सरांना दाखवा. चांगल्या शिक्षकाला त्याचा रागच येत नाही, उलट पुढचा तास कशावर घ्यायचा ते कळतं.

नवव्या चालीचं मात्र तिला आधीच सांगून ठेवा. समोरची मुलगी घोडा एफ३ ऐवजी एच३ वर नेऊ शकते. विचित्र दिसतं, पण पहिला जगज्जेता स्टाइनिट्झ याने रशियाच्या चिगोरिनविरुद्ध १८९०-९१ च्या तारेवरच्या सामन्यात हीच चाल केली होती (न्यूयॉर्क आणि सेंट पीटर्सबर्ग यांच्यात चाली तारेने जायच्या) आणि तो डाव हरला. लोकांनी चाल मोडीत काढली. १९६३ मध्ये, पुढे जगज्जेता झालेल्या बॉबी फिशरने ती पुन्हा बाहेर काढली आणि जिंकला. तेव्हा ‘हे सरांनी शिकवलं नाही’ म्हणून घाबरायचं कारण नाही. घड्याळात साठ मिनिटं आहेत, तिथेच दहा खर्च करायची.

आणखी एक. हॉलच्या दारात मुलं बाहेर पडतात तेव्हा आपल्याकडचे पालक पहिलं विचारतात, ‘काय झालं?’ आणि हरल्याचं कळलं की लगेच, ‘कुठं चुकलीस?’ मे महिन्यातल्या सोलापूरच्या दुपारी, दोन तास डोकं तापवून बाहेर आलेल्या लेकराला आधी पाणी द्या, पोटात काही घाला. डाव संध्याकाळी बघता येतो, स्कोअरशीट कुठे जात नाही. तुम्ही असं करता असं मी म्हणत नाही, पण हा मजकूर बरेच पालक वाचतात.

प्रश्न : माझं वय ७४. नातवाला मी लहानपणापासून आपलं देशी बुद्धिबळ शिकवलं. आमच्यात प्यादं एकच घर चालतं, कॅसलिंग नाही, राजा शह लागायच्या आधी एकदा घोड्याची उडी मारतो. आता त्याचे क्लासचे सर म्हणतात, आजोबांमुळे याची ओपनिंग कच्ची राहिली. मी त्याच्याशी खेळणं बंद करावं का?
— एक आजोबा, साखर पेठ

उत्तर : काका, मुळीच बंद करू नका. सरांचं निरीक्षण खरं असेल. देशी डाव सावकाश उमलतो, प्यादी एकेक घर सरकतात, त्यामुळे पहिल्या दहा चालींत फारसं कुणी मरत नाही. स्पर्धेच्या नियमांत मात्र चौथ्याच चालीला एफ७ वर दोघे चालून येतात, आणि देशी खेळलेल्या मुलाला त्या घाईचा अंदाज नसतो. तेवढं क्लासमध्ये भरून निघेल.

तुमच्याकडून त्याला जे मिळालंय ते क्लासमध्ये सहज मिळत नाही. मीर सुलतान खान हे नाव नातवाला सांगा. पंजाबातला माणूस, देशी नियमांवर वाढलेला. विलायतेला गेला तेव्हा ओपनिंगचा अभ्यास जवळजवळ नव्हता, आणि तरी १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकला. सुरुवातीला मागे पडायचा आणि पुढे मध्य डावात, शेवटच्या प्याद्या-राजाच्या लढाईत समोरच्याला गाठायचा. फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, २०२४ मध्ये त्याला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला.

आमच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या शेडबाहेर बाजेवर पट मांडून तेलुगू, कन्नड, मराठी अशा तिन्ही भाषांत वाद घालत खेळणारी म्हातारी माणसं बघत मी वाढले. प्याद्याने मात करण्यातला मान मला तिथेच कळला. प्यादेमात करायची म्हणून ते शेवटचं प्यादं किती जपायचे! स्पर्धेत प्यादेमातीला जास्त गुण नाहीत, पण एकेका प्याद्याचा जीव जपण्याची ती नजर एंडगेममध्ये, म्हणजे मोजकी मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्यात, फार उपयोगी पडते.

फक्त दोन खेळ मिसळू देऊ नका. देशी खेळायचं तेव्हा तुमचा पट, तुमची मोहरी. स्पर्धेचा सराव करायचा तेव्हा त्याची रोल-अप शीट (गुंडाळायचा पट), घड्याळ लावून. स्पर्धेत राजाने घोड्याची उडी मारली की पंच चाल परत घ्यायला लावतात, समोरच्याला दोन मिनिटं वाढवून देतात, आणि दुसऱ्यांदा तीच गडबड झाली तर डावच जातो.

प्रश्न : मी दहावीत आहे, रेटिंग १३०० च्या आसपास. प्रत्येक डाव झाला की फोनवर स्टॉकफिश हे बुद्धिबळाचं इंजिन (चाली तपासणारा संगणकी प्रोग्रॅम) लावून चुका बघतो. तरी पुढच्या स्पर्धेत ओपनिंगमधून बाहेर पडलो की पुन्हा तशाच चुका होतात. काय करू?
— एक खेळाडू, होटगी रोड

उत्तर : इंजिन तुला चाल चुकली एवढं सांगतं. ती चाल करताना तुझ्या मनात काय होतं ते त्याला माहीत नाही, आणि दुरुस्ती तर तिथेच करायची आहे. म्हणून फोन उघडण्याआधी वही उघड. डाव आठवून तीन जागा काढ : पाठ केलेलं जिथे संपलं ती चाल, जिथे सगळ्यात जास्त वेळ घेतलास ती, आणि जिथे तुला पहिल्यांदा भीती वाटली ती. प्रत्येक ठिकाणी काय बघितलं होतंस, समोरच्याची कुठली चाल अपेक्षित होती, ते दोन ओळींत लिही. मग इंजिन लाव. त्याची चाल तुझ्या वहीत होती का, होती तर का सोडलीस, नव्हती तर का दिसली नाही, हे शेजारी लिही. पाच-सहा डावांनंतर तुझी चूक नेहमी कुठल्या जातीची असते ते तुझं तुलाच दिसेल. वर ज्या मुलीचा डाव दिलाय तिची अदलाबदलीची होती, तुझी दुसरी असेल.

फोन हॉलमध्ये अंगावर ठेवू नकोस, बंद असला तरी नको; सापडला तर डाव जातो. आणि मला पुढच्या वेळी प्रश्न पाठवशील तेव्हा वहीचं पान पाठव, इंजिनचा स्क्रीनशॉट नको.